भोपळा की आयव्ही? बायबलमधली पुस्तकं ठरली कशी

उत्तर आफ्रिकेत ओया नावाचं एक शहर होतं, म्हणजे आजचं लिबियातलं त्रिपोली. सन ४०३ च्या आसपास तिथल्या बिशपनं चर्चमध्ये योनाचं पुस्तक वाचायला लावलं, पण जेरोम नावाच्या पंडितानं थेट हिब्रूवरून केलेल्या नव्याकोऱ्या लॅटिन भाषांतरातून. योना म्हणजे तोच, मोठ्या माशाच्या पोटात तीन दिवस राहून आलेला. गोष्टीच्या शेवटी तो निनवे शहराबाहेर रुसून बसतो आणि त्याला ऊन लागू नये म्हणून देव त्याच्या डोक्यावर एक वेल वाढवतो. आता वेल कसला? लोकांनी बापजाद्यांपासून ऐकलेलं, भोपळ्याचा. जेरोमनं लिहिलं आयव्हीचा, म्हणजे भिंतीवर चढतो तो. झालं! चर्चमध्ये जो गलका उठला, विशेषतः ग्रीक बोलणाऱ्यांनी तर इतका आरडाओरडा केला, की बिशपला गावातल्या ज्यू लोकांकडे जाऊन विचारावं लागलं की बाबांनो मूळ हिब्रूत नक्की काय आहे, त्यांनी जुन्या शब्दाच्या बाजूनं कौल दिला आणि बिशपनं मुकाट्यानं भोपळा परत आणला, नाहीतर समोर बसायला माणूस उरला नसता.

हे आपल्याला माहितीये कारण उत्तर आफ्रिकेतल्याच ऑगस्टीन नावाच्या बिशपनं पत्र लिहून ही सगळी हकीकत जेरोमला कळवली आणि जेरोमनं चांगलंच चिडून लांबलचक उत्तर दिलं. मजा म्हणजे मूळ हिब्रू शब्द आहे कीकायोन, आणि तो बहुतेक एरंड असावा असं बरेच जण म्हणतात. म्हणजे अक्षरशः एरंडाचं गुऱ्हाळ.

मला हा किस्सा भारी आवडतो, कारण त्यात ओयाच्या लोकांबद्दल एक गोष्ट कळते. यातल्या बहुतेकांच्या घरी बायबल नव्हतं. वाचता येणारेही थोडेच. तरी एक शब्द इकडचा तिकडे झाला तर त्यांना लगेच कळलं, कारण ते पुस्तक त्यांच्या कानात होतं (आणि डोळ्यांतही, कारण भोपळ्याच्या मांडवाखाली आडवा पडलेला योना हे तेव्हाच्या ख्रिस्ती थडग्यांवरचं अगदी लाडकं चित्र). सुरुवातीच्या ख्रिस्ती लिखाणाबद्दल काहीही समजून घ्यायचं असेल तर ही एक किल्ली हातात ठेवा: ही पुस्तकं मोठ्यानं वाचण्यासाठी आणि चारचौघांत ऐकण्यासाठी होती. "बायबलमध्ये कुठली पुस्तकं" हा वादसुद्धा मुळात "रविवारी सगळ्यांसमोर काय वाचायचं" असाच होता.

आधी तो व्हॉट्सॲपवाला गैरसमज बाजूला करू. सम्राट कॉन्स्टंटाइननं ३२५ मध्ये निकेयाला सगळ्या बिशपांना बोलावलं आणि मतदान घेऊन बायबल ठरवलं, असा मेसेज तुम्हालाही कधीतरी आलाच असेल. निकेयाची परिषद झाली हे खरं. पण तिथं भांडण होतं ते ख्रिस्त हा पित्याइतकाच देव आहे की नाही यावर, शिवाय ईस्टर कधी पाळायचा यावर. त्या परिषदेचे २० नियम आज आपल्याकडे आहेत, त्यात पुस्तकांच्या यादीबद्दल एक शब्द नाही. यादी कुठल्या एका दिवशी एका खोलीत ठरलीच नाही. ती हळूहळू, गावोगाव, बरीचशी वापरातून जमत गेली.

सुरुवातीला तर ख्रिस्ती लोकांकडे स्वतःचं असं पुस्तकच नव्हतं. येशूनं स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही. त्याला क्रुसावर दिलं साधारण सन ३० च्या सुमाराला, आणि त्याच्या मागच्या लोकांसाठी "शास्त्र" म्हणजे ज्यू लोकांचंच शास्त्र, ज्याला नंतर जुना करार म्हणायला लागले. लूकच्या शुभवर्तमानात (शुभवर्तमान म्हणजे येशूच्या आयुष्याची आणि शिकवणीची हकीकत) प्रसंग आहे, येशू नासरेथच्या सभास्थानात उभा राहतो, यशयाची गुंडाळी त्याच्या हातात देतात, तो वाचतो, गुंडाळी परत देतो, खाली बसतो आणि सांगतो की हे वचन आज तुमच्या ऐकण्यात पूर्ण झालंय. पहिल्या पिढीनं शास्त्र कसं वापरलं ते या एका प्रसंगात आलं. जुनंच पुस्तक घ्यायचं आणि म्हणायचं की हे आमच्या गुरूबद्दल आहे. ज्यू लोकांना हे पटणं अवघड होतं आणि तो वाद पुढे कैक शतकं चालला, कित्येकदा फार कडवटपणे, पण तो वेगळा विषय आहे.

नव्या करारातलं, म्हणजे बायबलच्या खास ख्रिस्ती भागातलं, सगळ्यात जुनं लिखाण शुभवर्तमानं नाहीत, गावोगाव फिरून येशूचा प्रचार करणाऱ्या पौलाची पत्रं आहेत. थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र साधारण सन ५० चं. पत्रं म्हणजे खरीखुरी पत्रं हं, एका गावच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलेली, त्यात रागावणं आहे, समजूत काढणं आहे, अमक्याला नमस्कार सांगा तमक्याला सांगा आहे. रोमकरांस पत्रात शेवटी शेवटी एकदम एक वेगळाच माणूस तोंड घालतो, "हे पत्र लिहून देणारा मी तर्तिय, तुम्हाला सलाम सांगतो". पौल तोंडानं सांगत होता आणि तर्तिय लिहून घेत होता, मध्येच त्याला वाटलं आपलंही नाव जाऊ दे. दोन हजार वर्षं ते वाक्य शास्त्र म्हणून वाचलं जातंय!

आणि ही पत्रं पाठवताना सूचना काय, तर थेस्सलनीकाकरांच्या पत्रात अगदी शपथ घालून सांगितलंय की हे सगळ्या बंधूंना वाचून दाखवा. कलस्सैकरांना सांगितलंय की तुमचं वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचलं जाईल असं बघा आणि त्यांचं तुम्ही वाचा (हे पत्र खुद्द पौलाचं की शिष्याचं यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण पत्रं फिरत होती एवढं त्यातून कळतंच). प्रकटीकरण या बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकाची तर सुरुवातच अशी की वाचून दाखवणारा एक धन्य आणि ऐकणारे धन्य. वाचणारा एकवचनी, ऐकणारे अनेकवचनी. खोलीतलं चित्र डोळ्यांसमोर येतं की नाही?

शुभवर्तमानं त्यानंतरची. मार्क साधारण सन ७० च्या आसपास, मत्तय आणि लूक त्यापुढे, योहान पहिल्या शतकाच्या अखेरीस, असा सर्वसाधारण अंदाज. तोपर्यंत सगळं तोंडी चाललेलं. आणि लिहून झाल्यावरही सगळ्यांना लगेच पुस्तकांचं अप्रूप वाटलं असं काही नाही. हिरापलीसचा पापियास म्हणून एक बिशप होता, तो सरळ म्हणतो की पुस्तकांपेक्षा मला जिवंत आवाजाचा जास्त उपयोग वाटतो, कोणी जुनी माणसं भेटली की मी विचारायचो, येशूचे शिष्य आंद्रिया काय म्हणाला, पेत्र काय म्हणाला. आपल्याकडे गाणं शिकणारे म्हणतात ना, पुस्तकातून नाही येत, समोर बसावं लागतं, तसंच काहीसं.

मग प्रत्यक्ष रविवारी काय व्हायचं? जस्टिन नावाच्या माणसानं सन १५५ च्या सुमाराला रोमहून सम्राटाला उद्देशून एक निवेदन लिहिलं, त्यात सांगितलंय. गावातले आणि खेड्यातले सगळे एका जागी जमतात, प्रेषितांच्या आठवणी (म्हणजे शुभवर्तमानं) किंवा संदेष्ट्यांची लिखाणं वाचली जातात, "जितका वेळ असेल तितकी". मग वाचणारा थांबतो, प्रमुख माणूस उपदेश करतो, सगळे उठून प्रार्थना करतात, मग भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस. वसईत किंवा नगरला आजही मिस्साला किंवा उपासनेला गेलात तर सांगाडा ओळखीचा वाटेल. "जितका वेळ असेल तितकी" हे शब्द मला फार खरे वाटतात, कारण रविवार तेव्हा सुट्टीचा दिवस नव्हता.

आता हे वाचून दाखवणं सोपं नव्हतं बरं का. तेव्हाच्या हस्तलिखितांत दोन शब्दांमध्ये जागाच सोडत नसत, विरामचिन्हंही जवळपास नसायची, म्हणजेअसंसगळंजोडूनलिहिलेलंअसायचंआणितुम्हीचतोडतवाचायचं. घरी तयारी केल्याशिवाय उभं राहिलात की फजिती. म्हणून "वाचक" हे चर्चमधलं एक पदच तयार झालं, आणि पुस्तकं बऱ्याचदा या वाचकांच्या घरीच असायची. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. आणखी एक, ख्रिस्ती लोकांनी फार लवकर गुंडाळी सोडून शिवलेल्या वहीसारखं पुस्तक वापरायला घेतलं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. मँचेस्टरच्या एका लायब्ररीत योहानाच्या शुभवर्तमानाचा एक तुकडा आहे, साधारण ९ सेंटीमीटर बाय ६, म्हणजे तळहातात मावेल एवढा, रोमन सुभेदार पिलातासमोर येशूला उभं केलं तो प्रसंग आहे त्यावर, आणि दोन्ही बाजूंना अक्षरं आहेत. तो सहसा दुसऱ्या शतकातला मानतात.

आज नव्या करारात सत्तावीस पुस्तकं आहेत, तेव्हा मात्र सत्तावीसच नव्हती, बरीच होती. दिदाखे नावाचं एक छोटंसं पुस्तक आहे, १८७३ मध्ये इस्तंबूलमध्ये एका ग्रीक धर्मगुरूला जुन्या हस्तलिखितात सापडलं. ते म्हणजे अगदी हँडबुक. बाप्तिस्मा वाहत्या पाण्यात द्या, नसेल तर दुसऱ्या, गार नसेल तर कोमट चालेल, तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. उपास बुधवार आणि शुक्रवार. फिरते उपदेशक दारात आले तर काय करायचं तेही आहे: एक दिवस ठेवून घ्या, गरज असेल तर दोन, तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा संदेष्टा. आणि जाताना पैसे मागितले तरी खोटाच. बाबा-बुवांची पारख करायची इतकी सोपी कसोटी मी दुसरीकडे कुठे वाचलेली नाही.

यादी करायची वेळ आणली ती मार्सियननं. हा काळ्या समुद्राकाठच्या सिनोपेचा, जहाजांच्या धंद्यातला पैसेवाला माणूस. रोमला आला, मंडळीला मोठी देणगी दिली आणि मग म्हणायला लागला की जुन्या करारातला देव वेगळा, रागीट, न्यायनिवाडा करणारा, आणि येशूचा पिता वेगळा. म्हणून जुना करार पूर्ण बाद. उरलं काय तर लूकचं शुभवर्तमान, तेही काटछाट करून, आणि पौलाची दहा पत्रं. सन १४४ मध्ये रोमच्या मंडळीनं त्याला बाहेर काढलं आणि त्याचे पैसेही परत केले (हे मला विशेष वाटतं, देणगी परत गेल्याची उदाहरणं इतिहासात किती असतील!). पण त्याची यादी ही माहीत असलेली पहिली बंद यादी, आणि बाकीच्यांना आता उत्तर द्यावं लागलं की बरं, मग तुमची कुठली?

उत्तर देणाऱ्यांत ठळक नाव म्हणजे लियोंचा इरेनियस, सन १८० च्या सुमाराचा. तो म्हणतो शुभवर्तमानं चारच, जास्तही नाहीत आणि कमीही नाहीत, कारण जगाच्या दिशा चार आणि मुख्य वारे चार. आता खरं सांगायचं तर हा युक्तिवाद काही मला पटत नाही, चार शुभवर्तमानं आधीच वापरात रुळलेली होती म्हणून त्याला चार वारे आठवले असणार. पण त्याचं दुसरं एक उदाहरण जबरदस्त आहे. तो म्हणतो, कुशल कारागिरानं रंगीत खडे बसवून राजाचं चित्र केलंय असं समजा. कोणीतरी येतो, तेच खडे उपटतो, वेगळे मांडतो आणि कोल्हा बनवतो, तोही वाईट बनवलेला, आणि लोकांना सांगतो बघा हाच तो राजा, खडे तर तेच आहेत ना! वचनं इकडून तिकडून उचलून हवा तो अर्थ काढणाऱ्यांबद्दल तो बोलतोय. त्याचं म्हणणं, खडे ओळखून भागत नाही, चित्र आधी माहीत पाहिजे. ते चित्र म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी शिकवलेला विश्वासाचा थोडक्यातला सारांश, त्याला तो "सत्याचा नियम" म्हणतो. म्हणजे शास्त्रावरून विश्वास तपासायचा आणि विश्वासावरून शास्त्राचा अर्थ लावायचा, दोन्ही एकदम. हे गोल फिरल्यासारखं वाटतं, आहेच, आणि पुढे सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक भांडले त्यात एक मोठा मुद्दा हाच होता.

प्रत्यक्षात एखादं पुस्तक कसं बाद व्हायचं याचा एक छान नमुना म्हणजे अंत्युखियाचा बिशप सेरापियन. सन २०० च्या आसपास तो ऱ्होसस नावाच्या किनाऱ्यावरच्या गावी गेला, तिथं पेत्राच्या नावावरचं एक शुभवर्तमान वाचण्यावरून कुरबुर चालली होती. यानं ते पुस्तक न वाचताच सांगून टाकलं, एवढ्यावरूनच वाद असेल तर वाचा बापडे. मग नंतर त्याच्या कानावर आलं की यामागे भलतीच शिकवण देणारे लोक आहेत, तेव्हा त्यानं त्यांच्याकडूनच प्रत मागवली, बसून वाचली आणि कळवलं की बरंचसं ठीक आहे पण काही गोष्टी घुसडलेल्या आहेत, म्हणून नको. (न वाचता सही करणारे साहेब तेव्हाही होते.) याच नावाच्या शुभवर्तमानाचा एक मोठा तुकडा १८८६-८७ च्या हिवाळ्यात इजिप्तमध्ये अखमीमला एका थडग्यात सापडला. त्यात कबरीतून तीन जण बाहेर येतात, दोघांची डोकी आभाळाला टेकलेली, तिसऱ्याचं आभाळाच्याही वर, आणि त्यांच्यामागून चालत येतो चक्क क्रूस. वरून आवाज येतो, झोपलेल्यांना संदेश दिलास का? आणि क्रूस उत्तर देतो, हो.

त्याच काळातली म्हणून बरेच जण मानतात अशी एक यादी मिलानच्या लायब्ररीत सापडली, १७४० मध्ये मुरातोरीनं छापली, लॅटिन इतकं गचाळ की वाचणाऱ्याला घाम फुटतो (काही अभ्यासक तिला चौथ्या शतकातली मानतात). तिच्यात "हर्मासचा मेंढपाळ" या त्यावेळच्या फार लोकप्रिय पुस्तकाबद्दल लिहिलंय की हे अलीकडचं आहे, वाचायला हरकत नाही, पण चर्चमध्ये लोकांपुढे वाचू नये. बघा, प्रश्न पुस्तक चांगलं की वाईट असा नाहीच. घरी वाचा, मोठ्यानं नको. आणि तरी चौथ्या शतकातल्या प्रसिद्ध सिनाई हस्तलिखितात नव्या करारानंतर शेवटी हाच मेंढपाळ बांधलेला आहे.

मग आलं ३०३ साल. सम्राट डायोक्लेशननं हुकूम काढला की चर्च पाडा आणि शास्त्राची पुस्तकं जाळा. १९ मे ३०३ रोजी किर्ता शहरात, म्हणजे आजच्या अल्जेरियातलं कॉन्स्टंटिन, झडती झाली आणि तिचा सरकारी पंचनामा आज वाचायला मिळतो, कारण १७ वर्षांनी तो एका खटल्यात पुरावा म्हणून वाचला गेला. अधिकारी आधी ख्रिस्ती जमायचे त्या घरात जातो. सोन्याचे दोन प्याले, चांदीचे सहा, दिवे, मग कपडे: बायकांचे ८२ झगे, पुरुषांचे १६, बायकांच्या चपलांचे ४७ जोड, पुरुषांचे १३. गरिबांना वाटायला ठेवलेलं असणार हे. पुस्तकांची कपाटं मात्र रिकामी. शेवटी एक मोठं पुस्तक बाहेर येतं. अधिकारी विचारतो, एकच? बाकीची? चर्चचे दोन सेवक उत्तर देतात, वाचकांकडे आहेत. वाचक कुठे राहतात? माहीत नाही. पत्ता नसेल तर नावं सांगा. तेव्हा ते दोघे म्हणतात, आम्ही फितूर नाही, हे आम्ही उभे आहोत, मारायचा हुकूम द्या. त्यांना अटक होते.

पण नावं कुठून तरी निघतातच, आणि मग ही वरात दारोदार फिरते. मोझॅइकचं काम करणारा फेलिक्स पाच पुस्तकं देतो. व्हिक्टोरिनस आठ. शाळेत व्याकरण शिकवणारा व्हिक्टर दोन पुस्तकं आणि चार सुटे जुडगे, अधिकारी त्याला दमात घेतो, तुझ्याकडे जास्त आहेत, तो म्हणतो असती तर दिली असती. कोद्देओच्या घरी त्याची बायको सहा पुस्तकं आणून देते. पंचनामा कोरडा आहे, कोणाच्या चेहऱ्यावर काय होतं ते लिहिलेलं नाही, तरी वाचताना आवंढा येतो.

पुस्तकं हाती देणाऱ्यांना लॅटिनमध्ये म्हणायला लागले त्रादितोरेस, म्हणजे "हाती देणारे", आणि इंग्रजीतला ट्रेटर हा शब्द त्याच मुळातून आला. छळ थांबल्यावर यावरून आफ्रिकेतलं चर्चच उभं फुटलं, पुस्तकं देणाऱ्या बिशपच्या हातचा संस्कार चालतो का यावर शंभर वर्षांहून जास्त भांडत बसले. आणि यादीचा प्रश्न या छळात किती खरा झाला असेल बघा, सरकारी माणूस दारात उभा आहे, हातात चार पुस्तकं आहेत, यातलं कुठलं शास्त्र आहे ज्यासाठी मरायचं आणि कुठलं नुसतंच चांगलं पुस्तक आहे जे देऊन टाकता येईल?

आज नव्या करारात जी २७ पुस्तकं आहेत, नेमकी तीच आणि तेवढीच सांगणारी आपल्याला माहीत असलेली पहिली यादी ३६७ सालची. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस दरवर्षी ईस्टरची तारीख कळवायला पत्र काढायचा, त्यातल्या ३९ व्या पत्रात ती आहे. त्यातही नव्यानं येणाऱ्यांना वाचायला म्हणून दिदाखे आणि मेंढपाळ यांची वेगळी शिफारस आहेच. तीस वर्षांनी, ३९७ मध्ये, कार्थेजच्या परिषदेनं नियम केला की ठरलेल्या पुस्तकांखेरीज काहीही चर्चमध्ये देवाचं शास्त्र म्हणून वाचू नये. पुन्हा तेच, "वाचू नये". तरी सगळीकडे एकदम एकवाक्यता झाली असं नाही, सिरियन चर्चच्या जुन्या भाषांतरात २२ च पुस्तकं होती, प्रकटीकरण नव्हतं त्यात.

जुन्या कराराचं गाडं तर अजूनही अडलेलंच आहे. मराठीतसुद्धा प्रॉटेस्टंट घरातलं पवित्र शास्त्र उघडा, एकूण ६६ पुस्तकं. कॅथलिक घरातलं बायबल उघडा, ७३. नव्या करारात दोन्हीकडे २७ च, फरक सगळा जुन्यात. कारण हेच की पहिले ख्रिस्ती जुना करार ग्रीकमधून ऐकत होते आणि ग्रीक संग्रहात तोबित, यहूदीथ, मक्काबी अशी पुस्तकं होती जी पुढे हिब्रू यादीत राहिली नाहीत. भोपळावाल्या जेरोमचं मत हिब्रू यादीकडे झुकणारं, ऑगस्टीनचं मत चर्चमध्ये वाचतात ती सगळी ठेवा. प्रॉटेस्टंटांनी पुढे जेरोमचं ऐकलं आणि कॅथलिकांनी १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत ऑगस्टीनच्या बाजूनं शिक्का मारला.

आणि आपल्या भाषेत? थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, त्याचं क्रिस्तपुराण १६१६ ला राचोलला छापलं गेलं. त्याच्या सुरुवातीच्या भागात प्रसंग आहे, साष्टीतला एक नवख्रिस्ती माणूस पाद्रीला म्हणतो, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी ऐकायला दुसरं काही द्या की! म्हणून मग बायबलची गोष्ट, आधी पहिलं पुराण आणि मग दुसरं, जुन्या आणि नव्या करारासारखी, सगळी ओवीत. छापलं रोमन लिपीत, पण ओवी ती, तिला लिपीचं काय, एकानं म्हणायची आणि बाकीच्यांनी बसून ऐकायची.